तेवीस लाल ओळी आणि एक निळी

सप्टेंबर आला की आपल्याकडे सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. अहवालाचं गुळगुळीत पुस्तक घरी येतं, आपण लाभांश किती टक्के तेवढं बघतो, सभेला जाऊन चहा-वडा घेतो आणि 'मंजूर, मंजूर' म्हणून परत येतो. यंदा आमच्या बँकेच्या अहवालात एक नवीन वाक्य आहे. बँकेच्या संगणक प्रणालीची सुरक्षा तपासणी करून घेतली असून सर्व क्रिटिकल त्रुटी शून्यावर आणल्या आहेत, असं. वाचून बरं वाटायला हवं होतं. मला नाही वाटलं. माझ्या आईची ठेव तिथे आहे, म्हणून जरा जास्तच नाही वाटलं. का, ते सांगायला ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो.

मी नेटवर्कचं काम करतो. वीसेक वर्षं झाली. सुरुवात केबल ओढण्यापासून केली, आता काही पतसंस्था, दोन-तीन दवाखाने आणि एक नगरपरिषद बघतो. सिक्युरिटीतला मोठा तज्ज्ञ वगैरे नाही. पण तपासणीचे हे अहवाल माझ्या टेबलावर येतात, कारण ते निस्तरायचं काम शेवटी माझ्यासारख्याच्याच गळ्यात पडतं.

तीनेक वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या मॅनेजरचा फोन आला. "सर, रिपोर्ट आलाय. तेवीस क्रिटिकल आहेत. आप्पांचं बीपी वाढलंय." आप्पा म्हणजे चेअरमन. गेलो. १८७ पानांचा अहवाल. पहिल्याच पानावर गोल तक्ता, त्यात लाल रंगाची मोठी फोड. आप्पांनी बोट तिथेच ठेवलं होतं. "हे तेवीसचं शून्य करायला किती खर्च येईल तेवढं सांगा."

आता हा स्कॅन म्हणजे काय असतो? नेसस, ओपनव्हास, क्वालिस अशी सॉफ्टवेअर्स असतात. ती नेटवर्कवरच्या एकेका यंत्राची दारं, म्हणजे पोर्ट, वाजवून बघतात. आतून कोण ओ देतं, त्याची आवृत्ती कुठली, हे टिपून घेतात आणि जगभरात जाहीर झालेल्या त्रुटींच्या यादीशी ताडून बघतात. जुळलं की अहवालात एक ओळ पडली. रात्रीचा गुरखा बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानाचं कुलूप ओढून बघतो ना, तसंच. (प्रिंटर कधीकधी ह्या ठोठावण्यालाच दाद देतो आणि भराभर अगम्य अक्षरं छापत सुटतो. एका शाखेत अख्खा कागदाचा गठ्ठा असा वाया गेलेला मी पाहिलाय.) कुलूप सैल आहे एवढं गुरख्याला कळतं. त्या दुकानात सोनं आहे की रिकामी खोकी, आणि मागच्या बोळातून सराफाच्या माडीवर चढता येतं का, हे त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं गल्लीतल्या माणसाला. पण त्याला कुणी विचारत नाही.

प्रत्येक त्रुटीला ० ते १० मधला एक आकडा मिळतो. सीव्हीएसएस म्हणतात त्याला. नऊ आणि वर क्रिटिकल, सातपासून हाय, चारपासून मीडियम, त्याखाली लो. आणि नुसती माहिती असेल तर आकडाच नाही. ती 'इन्फो'ची ओळ निळ्या रंगात, अगदी शेवटी. हा आकडा ठरवणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी स्वतःच्याच मार्गदर्शिकेत लिहून ठेवलंय की हा आकडा त्रुटीची तीव्रता सांगतो, धोका सांगत नाही. पण मार्गदर्शिका वाचतो कोण? तक्ता बघतात सगळे.

हा फरक खरं तर आपल्याला पटकन कळायला हवा. दर पावसाळ्याआधी आपल्या महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावतात. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करा, पाडा. आता समजा सी-१ मधली एक इमारत आधीच रिकामी आहे, भोवती पत्रे ठोकलेत. आणि दुसरी सी-२ मधली, पण तिच्या तळमजल्यावर बालवाडी भरते. तुम्ही आधी कुठे धावाल? इमारतीचा दर्जा आणि आत कोण राहतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॅन पहिली सांगतो. दुसरी आपली आपण बघायची असते.

तर त्या तेवीस ओळी. एकेक वाचायला बसलो तेव्हा कळलं की त्यातल्या सतरा एकाच कॉम्प्युटरच्या आहेत. कुठला, तर शाखेच्या दारात टीव्हीला जोडलेला, ठेवींचे व्याजदर फिरवत बसणारा. त्यात विंडोज ७. ह्या विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला बंद केला, तेव्हापासून त्याच्या त्रुटी साचतच चालल्यात. मी म्हटलं, ह्याची नेटवर्कची वायर काढा आणि व्याजदर पेनड्राइव्हवरून दाखवा. एका मिनिटात सतरा लाल ओळी गेल्या. खर्च शून्य. आप्पा खूश.

आणि मग पान १४२ वर ती निळी ओळ दिसली. रिमोट डेस्कटॉप सेवा सुरू असल्याचं आढळलं, एवढंच. त्रुटी नाही, आकडा नाही. मी विचारलं, हे कुठलं मशीन? मागच्या खोलीतलं. सॉफ्टवेअरवाल्यांचा मुलगा त्याच्यावर बाहेरून लॉगिन करून दुरुस्त्या करतो. बाहेरून म्हणजे कसं? राउटरमधून ते दार थेट इंटरनेटवर उघडून दिलेलं. पासवर्ड काय? मॅनेजरने जरा ओशाळून सांगितला. संस्थेचं नाव आणि स्थापनेचं वर्ष. तोच पासवर्ड सर्व्हरला. तोच बाकी सगळ्यांना. आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच मशीनला रात्रंदिवस खोचलेली.

जोडून बघा. रात्री दोन वाजता कुठल्या तरी देशातला एक प्रोग्रॅम पासवर्ड ओळखतो, आत येतो, तिथून सर्व्हरवर जातो, सगळ्या फाइलींना टाळं ठोकतो आणि जाताजाता बॅकअपलाही. सकाळी शाखा उघडते तेव्हा भाजीवाल्या मावशींची रोजची पन्नास रुपयांची पिग्मी, कुणाचं तारण कर्ज, कुणाची मुलीच्या लग्नासाठीची आवर्त ठेव, कशाचाच हिशोब जागेवर नाही. ह्यातल्या एकाही कडीला त्या अहवालात लाल रंग नव्हता. पासवर्डचा पुनर्वापर ह्या स्कॅनला दिसलाच नव्हता. बॅकअपची डिस्क कुठे खोचलीय हेही नाही.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "निळं आहे ना? मग राहू द्या. ऑडिटर काय विचारणार, लाल किती. आधी ते उरलेले सहा संपवा." मी मॅनेजरला बाजूला घेऊन त्या मशीनचा लॉग उघडून दाखवला. एका रात्रीत लॉगिनचे हजारो फसलेले प्रयत्न. ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, यूजर१... कुणीतरी रोज रात्री दार वाजवत होतं आणि आत येण्यासाठी फक्त संस्थेच्या नावाचं स्पेलिंग कमी पडत होतं. मॅनेजर बराच वेळ काही बोलला नाही. त्या रविवारी आम्ही दोघांनीच बसून राउटरमधलं ते दार बंद केलं, पासवर्ड बदलले, बॅकअपची डिस्क कपाटात ठेवायची पद्धत पाडली. ठरावबिराव काही नाही. इतिवृत्तात त्याचा उल्लेखही नाही.

हे गावाकडचं झालं, मोठ्या ठिकाणी असं होत नसेल, असं म्हणाल तर थांबा.

एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाची त्रुटी जाहीर झाली. ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याशेजारी जे कुलपाचं चिन्ह दिसतं त्यामागच्या सॉफ्टवेअरमध्ये. बाहेरचा कुणीही सर्व्हरला एक छोटा संदेश पाठवून त्याच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा काढून घेऊ शकत होता, पुन्हा पुन्हा. त्यात पासवर्ड येऊ शकत, अगदी त्या कुलपाची किल्लीही. तेव्हाच्या पद्धतीने तिला मिळालेला आकडा होता ५. मीडियम! का, तर सूत्राच्या दृष्टीने ही केवळ 'अंशतः माहिती गळती' होती. यंत्र बंद पडत नव्हतं, कुणी काही बदलू शकत नव्हतं. कॅनडाच्या कर विभागातून त्याच आठवड्यात सुमारे ९०० लोकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले.

दुसरं उदाहरण ह्याच्या उलट, आणि मला ते जास्त बोचतं. इक्विफॅक्स ही अमेरिकेतली पतमापन करणारी कंपनी. आपल्याकडे कर्ज घेताना सिबिल बघतात ना, त्याच धंद्यातली. ७ मार्च २०१७ ला अपाची स्ट्रट्स ह्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी जाहीर झाली. आकडा १० पैकी १०. ह्याहून लाल काही असत नाही. दुसऱ्या दिवशी अमेरिकन सरकारच्या यंत्रणेने इशारा दिला. ९ मार्चला कंपनीत ईमेल फिरला की ४८ तासांत पॅच लावा. १५ मार्चला स्कॅनही केला. स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही. त्रुटी तिथेच होती, तक्रारी नोंदवायच्या एका जुन्या पोर्टलमध्ये. स्कॅनरला ती दिसली नाही आणि अहवाल स्वच्छ आला.

मे महिन्यात चोर शिरले, जुलैच्या शेवटापर्यंत आत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या पोर्टलमध्ये एवढी माहिती नव्हतीच. चोरांना आत एका फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहून ठेवलेले युजरनेम आणि पासवर्ड सापडले आणि त्यावर त्यांनी त्या पोर्टलशी काहीही संबंध नसलेले ४८ डेटाबेस उघडले. हे अमेरिकी काँग्रेसच्या समितीच्या अहवालात आहे. बाहेर जाणाऱ्या डेटावर नजर ठेवणारं यंत्र होतं म्हणे, पण त्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपून गेलेली, त्यामुळे ते आंधळं होऊन बसलेलं. २०१९ मध्ये तडजोड झाली ती किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलरची. म्हणजे दहापैकी दहावाली त्रुटी हे नुसतं दार होतं. त्याच्यामागे कुणी तिजोरीच्या किल्ल्या खुंटीला टांगून ठेवल्यात, हा खरा मामला होता.

आपल्याकडे दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हर, सुमारे १.३ टेराबाइट डेटा. नोंदणीपासून सगळं कितीतरी दिवस कागदावर चाललं. सरकारने संसदेत जे कारण सांगितलं ते वाचण्यासारखं आहे. नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. अमुक नंबरची त्रुटी होती, असं नाही. एकदा आत आलेल्याला पुढे अडवणारी भिंतच नव्हती. वाड्याच्या दिंडीतून आलेला माणूस सरळ माजघरात.

आणि पुण्याचं तर घरचंच. ऑगस्ट २०१८, कॉसमॉस बँक. ९४ कोटी ४२ लाख रुपये. २८ देशांतल्या एटीएममधून शनिवारी दुपारी दोनेक तासांत पैसे काढले गेले आणि सोमवारी स्विफ्टवरून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला. बँकेने तेव्हा सांगितलं की कोअर बँकिंगला, म्हणजे जिथे आपली खाती असतात त्या प्रणालीला, धक्का लागलेला नाही. खरंच असेल. चोरांना तिथे जायची गरजच पडली नाही. एटीएम विचारतं 'पैसे देऊ का?' आणि त्याला 'दे' म्हणणारं जे मधलं यंत्र असतं, त्याच्या जागी त्यांनी आपला तोतया बसवला. मला वाटतं एखाद्या यंत्राचं महत्त्व ठरवताना त्याच्यात काय साठवलंय एवढंच बघून चालत नाही. ते कुणाच्या वतीने 'हो' म्हणतं, हेही बघावं लागतं.

असो. मुद्दा असा की आकडा मोजायला लागलं की माणसं आकड्याची सोय करतात. मी काय काय पाहिलंय ते नावं न घेता सांगतो. एका ठिकाणी पुढच्या तपासणीच्या आधी स्कॅनरचा आयपी ॲड्रेसच फायरवॉलमध्ये अडवून टाकला. अहवाल हिरवागार! एका ठिकाणी मुख्य सर्व्हरच तपासणीतून वगळला, का तर 'स्कॅन लावला की तो हँग होतो.' अहो, जो स्कॅनने आडवा होतो तो चोराने होणार नाही का? एका ठिकाणी ज्या ओळी बंद करता येईनात त्यांच्यापुढे 'जोखीम मान्य' असा शेरा मारून सही केली. जोखीम ठेवीदाराची, मान्य करणारे हे. ह्याउलट एका प्रामाणिक पोराने महिनाभर जिवाचं रान करून ज्या ओळींच्या मागे धावाधाव केली त्यातल्या निम्म्या खोट्याच निघाल्या. रेड हॅटसारख्या लिनक्समध्ये कंपनी दुरुस्ती आतल्या आत बसवते आणि आवृत्तीचा नंबर जुनाच दिसतो. बाहेरून नंबर वाचणारा स्कॅनर ओरडत राहतो.

माझे काही मित्र म्हणतात, बाबा, छोट्या संस्थेकडे आयटीचा एक माणूस, तोही अर्धवेळ. त्याने परिणामांचा विचार करत बसायचं का? त्यापेक्षा लाल संपव म्हणणं सोपं. ह्यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. काहीच न करण्यापेक्षा लाल ओळी संपवणं बरंच. पण सोपंच करायचं असेल तर त्याहून शहाणी यादी फुकट उपलब्ध आहे. अमेरिकेची सिसा ही सरकारी संस्था नोव्हेंबर २०२१ पासून एक यादी चालवते, चोरांनी प्रत्यक्षात वापरलेल्या त्रुटींची. २०२४ ह्या एका वर्षात जगभर ४० हजारांवर नव्या त्रुटींना क्रमांक मिळाले. आणि त्या वर्षाच्या अखेरीस सिसाच्या यादीत, सगळी वर्षं धरून, साधारण बाराशे नोंदी होत्या. अर्धवेळ माणसालाही ही यादी आणि आपला अहवाल शेजारी ठेवून अर्ध्या दिवसात बघता येतं. त्यानंतर दोन प्रश्न. हे यंत्र बाहेरून दिसतं का? आणि इथे कुणी शिरलं तर इथून कुठे कुठे जाता येतं? दुसऱ्या प्रश्नाला कागदावर हाताने काढलेला नेटवर्कचा नकाशा पुरतो. तो मात्र बहुतेकांकडे नसतो.

आणखी एक राहिलं. तुमचा स्वतःचा अहवाल कितीही चांगला असो, ३१ जुलै २०२४ आठवा. सी-एज ही कंपनी छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं बाजूला काढलं. देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले, त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका. दुसऱ्या दिवशी पूर्ववत झालं, बरं झालं. पण ह्या बँकांचा आपापला स्कॅन त्या दिवशी काय सांगत असेल? कितीही हिरवा असता तरी काय उपयोग होता?

म्हणून सभेत उठून 'आपल्याकडे क्रिटिकल किती?' विचारू नका. उत्तर शून्यच येणार आणि टाळ्या पडणार. मी लेखी प्रश्न दिलेत ते असे. तपासणी यंत्रांमध्ये लॉगिन देऊन आतून केली की नुसती बाहेरून? कुठली यंत्रं तपासणीतून वगळली आणि का? ज्या त्रुटी उरल्या, त्यांतल्या कुठल्या वाटेने ठेवीदारांच्या खात्यांपर्यंत किंवा पैसे पाठवणाऱ्या प्रणालीपर्यंत पोचता येतं, हे कुणी तपासलं का? बॅकअप नेटवर्कपासून वेगळा ठेवला जातो का, आणि तो परत चढवून बघण्याची चाचणी शेवटची कधी घेतली? आपल्या सॉफ्टवेअर पुरवठादाराकडे काही झालं तर शाखा किती दिवस आणि कशा चालवणार?

बॅकअपचा प्रश्न तर सोडूच नका. 'घेतो की रोज' असं उत्तर येतं. परत चढवून बघितलाय का विचारलं की शांतता पसरते.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. अख्खा अहवालच सभासदांना वाटा, अशी मागणी करू नका. नगरपरिषदेत माहिती अधिकार टाकून तो मागू नका. तो चोराच्या हातात द्यायचा नकाशा आहे, तो गुप्तच राहायला हवा. आपल्याला ओळी नकोत, त्या ओळींवर कुणीतरी विचार केलाय ह्याची खात्री हवी. आणि ती संचालकांनी स्वतः सांगावी, पुढच्या रांगेत बसलेल्या आयटीवाल्याकडे बोट न दाखवता.

सभेच्या नोटिशीत बारीक अक्षरात छापलेलं असतं की प्रश्न विचारायचे असतील तर आधी लेखी द्यावेत. मी परवा बँकेत जाऊन दिले. काउंटरवरच्या मुलीने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "काका, हे कुणाकडे द्यायचं?" मी म्हटलं, तेही विचारून घे. तिने आत जाऊन विचारलं, बाहेर आली, शिक्का मारला, पोच दिली. सभा पुढच्या रविवारी, सकाळी साडेदहाला. उत्तर मिळालं तर इथे टाकीन. नाही मिळालं तरी टाकीन.